गुडघ्याखालचं तिकीट

बाईंना कोणाचं तोंड लक्षात राहत नसे. नाव तर त्याहूनही नाही. महिनोन्‌महिने त्यांच्याकडे येणाऱ्या माणसांनाही त्या ‘डावा खुबा’, ‘मोडका घोटा’, ‘उतरलेला खांदा’ अशाच हाका मारत. मी ‘उजवा गुडघा’ होते. माझ्या आधीपासून एका रिक्षावाल्याचा उजवा गुडघा तिथे यायचा, म्हणून सुरुवातीला मी ‘धाकटा उजवा गुडघा’ होते. तो बरा होऊन गेला तेव्हा मला बढती मिळाली.

समोरून कोणी आलं की आपण त्याच्या चेहऱ्याकडे बघतो. बाई जमिनीकडे बघत. येणाऱ्याची टाच कशी पडते, पंजा कुठे वळतो, कुठल्या पायावर माणूस कमी वेळ थांबतो, हे सगळं बघत बघत त्यांची नजर फार तर कमरेपर्यंत यायची. नवख्या माणसाला वाटे, यांचं काहीतरी खाली पडलेलं आहे. एकदोघांनी तर त्यांच्याबरोबर वाकून शोधायलाही सुरुवात केली होती.

ही गोष्ट ऐंशी सालच्या आसपासची. नागपुरातल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात, हाडांच्या वॉर्डाच्या व्हरांड्याच्या अगदी टोकाला बाईंची खोली होती. दारावर ‘भौतिकोपचार’ अशी भारदस्त पाटी होती, पण सगळा दवाखाना तिला ‘कसरतीची खोली’ म्हणे. आत दोन लाकडी टेबलं, भिंतीला ठोकलेली एक शिडी, वाळूच्या पिशव्या, जुन्या चादरीत गुंडाळलेल्या विटा आणि खिडकीत खडखडणारा कूलर. खुर्ची मात्र एकही नाही. एकदा वरून एक मोठे साहेब तपासणीला आले. इकडेतिकडे बघून त्यांनी विचारलं, “बसायला काही नाही का इथे?”

“झोपायची सोय आहे साहेब,” बाई म्हणाल्या, “बसायची नाई.”

साहेबांनी उभ्याउभ्याच सही केली आणि निघून गेले. बाईही दिवसभर उभ्याच असत. दुपारचा डबासुद्धा खिडकीपाशी उभ्यानं खात, आणि खाता खाता व्हरांड्यातून जाणाऱ्यांच्या टाचा बघत.

अंगानं उंच, हाडापेरानं मजबूत. सुती साडी, वर पांढरा कोट, आणि त्या कोटाचे दोन्ही खिसे सिटी बसच्या तिकिटांनी फुगलेले. बाई इंदोऱ्याहून बसनं यायच्या. स्वतःचं तिकीट तर ठेवायच्याच, शिवाय उतरणाऱ्यांकडूनही मागून घ्यायच्या. त्या बसचे कंडक्टर त्यांना ओळखून होते. नवा कंडक्टर मात्र घाबरायचा. त्याला वाटायचं, साध्या वेशात चेकिंगवाल्या चढल्या आहेत.

तिकिटांचा उपयोग असा. पेशंटला लाकडी टेबलावर उताणं झोपवायचं, पाय लांब करायला लावायचा आणि गुडघ्याच्या खाली तिकीट सरकवायचं. मग बाई म्हणत, “दाब.” मांडी आवळून गुडघ्याची मागची बाजू टेबलाला टेकवायची. बाई तिकिटाचं टोक चिमटीत धरून ओढत. तिकीट अडकलं तर पाय सरळ झाला. सुळकन बाहेर आलं तर पाय अजून वाकडा. बाहेर आलेलं तिकीट त्या पेशंटच्या डोळ्यांपुढे धरत आणि म्हणत, “उतरू नोको. गाव यायचं आहे अजून.”

एका दुपारी एक चांगला कपडेबिपडे केलेला गृहस्थ संत्र्यांची टोपली घेऊन आला. “नमस्कार बाई, ओळखलं का?” बाईंनी त्याच्या बुटांकडे पाहिलं. “चालून दाखवा.” तो दारापर्यंत गेला, परत आला. “नाई ओळखत,” बाई म्हणाल्या. तो बिचारा सांगू लागला, स्कूटरवरून पडलो होतो, तुम्ही चार महिने मेहनत घेतली, तुमच्यामुळे मी उभा आहे. बाई मान हलवत राहिल्या. शेवटी टोपली ठेवून तो गेला, जरा हिरमुसलेलाच. मला राग आला. मी टेबलावरूनच म्हटलं, “बाई, खोटंखोटं तरी हो म्हणायचं.”

“काहून? लंगडत होता तवा मी त्याले ओळखत होती. आता साऱ्यासारखाच चालून राहिला. मंग ओळखू कशानं?” आणि त्या संत्रं सोलायला लागल्या. “नाई ओळखलं म्हणजे काम चांगलं झालं, असं समज.”

हे मला तेव्हा पटलं नाही. माणसाला वाटतंच की आपली कोणीतरी ओळख ठेवावी.

आता मी तिथे कशी पोचले ते सांगते. मी खो-खो खेळायची, आणि उगाच नम्रपणा कशाला, चांगली खेळायची. मौद्याला कॉलेजांच्या स्पर्धा होत्या. खांबाला वळसा घालताना पाय जमिनीत रोवलेला राहिला आणि मी मात्र वळले. गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. आतला लिगामेंट, म्हणजे मांडीचं आणि पायाचं हाड एकमेकांशी बांधून ठेवणारा दोर, तुटला होता. दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. आमचे सर्जन तरुण होते आणि हे ऑपरेशन नव्यानं शिकून आले होते. त्यांनी गुडघ्यापुढचीच एक पट्टी काढून आत नवा दोर बांधला आणि पाय थोडा वाकवून प्लास्टरमध्ये घातला. त्या काळी तशीच रीत होती. संक्रांतीच्या सुमाराला प्लास्टर निघालं तेव्हा आतून शेवग्याच्या शेंगेसारखा बारीक पाय बाहेर आला, आणि तो जसा वाकवून ठेवला होता तसाच राहिला. वाकत होता, पण सरळ होत नव्हता.

सर्जन म्हणाले, “माझं काम मी केलं. पुढचं बाईंकडे.”

बाईंनी गुडघा दोन्ही हातांनी चाचपला, इकडे ढकलला, तिकडे ढकलला. “दोर डॉक्टरसाहेबांनी पक्का बांधला आहे. म्हणून मी ओढायले भीत नाई. तूही भेऊ नोको.” मग माझ्याकडे न बघता गुडघ्यालाच म्हणाल्या, “कारे, कितीक दिवस असा रुसून राहशीन?”

मला घाई होती. शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात माझी जागा ठरलेली होती. पडल्यामुळे त्यांनी ती पुढच्या जूनपर्यंत राखून ठेवली, अट एकच घातली: त्यांच्या डॉक्टरसमोर दोन्ही पायांवर सरळ उभं राहून, न लंगडता चालून दाखवायचं. तिकडे घरात दुसरीच तयारी चाललेली. कामठीच्या एका बिजवराचं स्थळ आलं होतं. दुकान जोरात, माणूस निर्व्यसनी. “थोडं लंगडणं त्याइले चालते म्हणे,” असं आत्यानं मोठ्या समाधानानं सांगितलं तेव्हा मला ओरडावंसं वाटलं. म्हणजे जूनपर्यंत पाय सरळ झाला तर मैदान, नाही झाला तर कामठी. मला दोन्हींतला फरक फार स्वच्छ कळत होता.

बाईंचं शास्त्र साधं होतं. टाचेखाली वीट ठेवायची, गुडघा अधांतरी, आणि वरून वाळूची पिशवी. काही वेळानं गुडघ्यामागून अशी कळ निघायची की आईचं नाव तोंडात यायचं. मग पालथं झोपून पाय टेबलाबाहेर लोंबकळत ठेवायचा. मग चालायचं, आधी टाच, मग पंजा. “टाच!” ही बाईंची आरोळी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत जायची. ज्यांचा काही संबंध नाही असे वॉर्डबॉयसुद्धा टाच टेकून चालायला लागायचे.

मी एकदा विचारलं, पाय वाकतो तर आहे ना, मग सरळ होण्याचं एवढं काय? बाई म्हणाल्या, “वाकणं आपसूक येते वं. चुलीपुढं वाकतो, देवापुढं वाकतो, साहेबापुढं वाकतो. सरळ होणं कमवा लागते.”

पण माझी कमाई टिकत नव्हती. बाई घाम गाळून पाय थोडा उघडायच्या आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच. एके दिवशी त्या माझ्या टाचेकडे रोखून बघत म्हणाल्या, “उजवा गुडघा, खरं सांग. मी इथं सरळ करून राहिली, आन्‌ घरी कोण वाकडा करून राहिलं?”

“कोणी नाही, बाई.”

“मंग भूत येते का घरी?”

त्या शनिवारी दुपारी बाई आमच्या घरी येऊन धडकल्या. आमचं गांधीबागेत साड्यांचं दुकान आणि दुकानाच्या मागेच घर. दुकानभर पांढरी गादी, भिंतीला लोड-तक्के, बाबुजी मधोमध मांडी घालून. मला करमावं म्हणून दिवसा तिथेच गादीवर बसवत आणि माझ्या उजव्या गुडघ्याखाली असे आत्याची उशी.

त्या उशीबद्दल सांगितलंच पाहिजे. आत्या म्हणजे बाबुजींची थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन आमच्याकडे आलेली. मला तिनंच वाढवलं. माझा पाय दुखतो हे तिला बघवेना, म्हणून तिनं सावरीचा कापूस निवडून निवडून स्वतःच्या हातानं बेताची उशी शिवली, वर तिच्या जुन्या लुगड्याचा अभ्रा. त्या उशीवर गुडघा टेकला की दुखणं पळून जायचं. रात्रीही ती गुडघ्याखालीच असे. मी झोपेत हलले तर आत्या उठून ती पुन्हा नीट सरकवून देई.

बाईंनी पायरीशी चपला काढल्या, सरळ गादीवर चढल्या आणि उशी ओढून काढली. कळ माझ्या डोक्यापर्यंत गेली.

“हे कोणाचं काम?”

“माह्यं,” आत्या आतून बाहेर आली. “काहून?”

“भल्ली मऊ आहे.”

“मऊच पाह्यजे ना. पोरीचा पाय दुखते.”

“दुखते म्हणून वाकवते, वाकवला का बरं वाटते, आन्‌ बरं वाटते म्हणून पाय तसाच आखडून राहते. आत्याबाई, तुम्ही लाडानं पोरीचा पाय वाकडा करून राहिल्या.”

आजवर आत्याला असं कोणी बोललं नव्हतं. तिचा चेहरा लाल झाला. “मोठ्या आल्या शिकवायले! कोण तुम्ही? आडनाव काय तुमचं?”

बाईंनी आडनाव सांगितलं. आत्या गप्प झाली. ती गप्प कशानं झाली हे दुकानातल्या प्रत्येकाला कळलं. बाबुजी उगाच साडीची घडी मोडून पुन्हा घालू लागले. मला इतकी लाज वाटली की उठून पळून जावं, आणि पळता तर येत नव्हतं. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र काही हललं नाही. हे त्यांना नवीन नव्हतं.

“समजलं ना?” त्या म्हणाल्या. “पाणी द्यायचं का नाई ते मंग ठरवजा. आधी इथं झोपा.”

“मी? काहून?”

“तुम्ही नसान झोपत तर शेठजी, तुम्ही झोपा.”

बाबुजी भिडस्त. बाईमाणसानं एवढ्या ठामपणे सांगितल्यावर त्यांना नाही म्हणता येईना. भर दुपारी, उघड्या दुकानात, गादी बाजूला सारून ते फरशीवर उताणे झाले. साड्या बघायला आलेल्या दोन बायकांनी हातातल्या साड्या खाली ठेवल्या. बाईंनी तिकीट सरकवलं. “दाबा.” बाबुजींनी डोळे मिटून जोर केला. तिकीट सुळकन बाहेर.

“पाह्यलं? जन्मभर गादीवर मांडी घालून हे झालं. उद्या या पोरीचं असंच होईन.”

गिऱ्हाइकं खो खो हसली. भाऊ चारचौघांत हरला हे आत्याला सहन झालं नाही. “सरक रे तू,” ती बाबुजींना म्हणाली, लुगडं पायाशी चापून घेतलं आणि फरशीवर आडवी झाली. “लावा तुमचं ते तिकीट.”

बाईंनी तिचा पाय हातात घेऊन नीट ठेवला. आत्या क्षणभर आकसली, पण पाय तसाच ठेवला. “दाबा.” बाईंनी ओढलं. तिकीट हललं नाही. पुन्हा ओढलं. नाही. दुसरा पाय. नाही.

“बापा! आत्याबाई, हे गुडघे कुठून आणले?” बाई मनापासून खूश झाल्या होत्या. “माह्या खोलीत एकाचेबी असे नाई.”

“कुठून म्हणजे? साऱ्या घराचं पाणी कोण भरते?” आत्या उठून बसली. मग उभी राहिली, आत गेली आणि बाहेर आली ती तिच्या स्वतःच्या पितळी गडव्यात पाणी घेऊन. त्या गडव्याला आम्हा घरच्यांनाही हात लावायची सोय नव्हती. तिनं तो बाईंच्या हातात दिला. बाई उभ्यानंच सगळं पाणी प्यायल्या.

जाताना बाईंनी उशी आत्याला परत दिली. “फेकू नोका. चांगली शिवली आहे. फक्त जागा बदला. गुडघ्याखालून काढा, घट्ट बांधा, आन्‌ टाचेखाली ठेवा.”

त्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले. आत्या बाईंच्या पक्षाला जाऊन मिळाली. आधी रात्री उठून उशी सरकवून देणारी आत्या आता रात्री उठून बघायची की मी चोरून गुडघ्याखाली काही घेतलं तर नाही. घरातले सगळे लोड-तक्के तिनं माझ्यापासून लांब ठेवले. “तुह्या बाईले काय तोंड दाखवू मी?” असं म्हणायची. तोंडाकडे बाई बघतच नाहीत, हे मी तिला सांगून उपयोग नव्हता.

मे महिना आला. नागपूरचा मे ज्यानं पाहिला त्याला सांगायला नको. कूलर गरम हवा फेकत होता. एका सकाळी मी टेबलावर झोपले, बाईंनी तिकीट सरकवलं, मी दाबलं, बाईंनी ओढलं आणि तिकीट अडकलं! मी आनंदानं किंचाळले. पलीकडच्या टेबलावरच्या डाव्या खुब्यानं टाळ्या वाजवल्या. बाईंनी माझा पाय उचलला. तिकीट गुडघ्यालाच चिकटून वर आलं. त्यांनी ते सोलून काढलं, कपाटातून घामोळ्याची पावडर आणली, गुडघ्यामागे चांगली थापली आणि नवं तिकीट घेतलं.

“दाब.”

सुळकन बाहेर.

“उन्हाळ्याच्या तिकिटावर माह्या भरवसा नाई,” बाई म्हणाल्या. “घामानं धरलं होतं ते. तू नाई.”

माझा तोल सुटला. मी उठून बसले आणि वाटेल ते बोलले. मला नाही व्हायचं सरळ. जून तोंडावर आला आहे. त्या कामठीवाल्याला लंगडणं चालतं, आत्याला चालतं, तर तुमचं काय जातं? दुखतं कोणाला, तुम्हाला की मला? तुम्हाला तर माझं नावसुद्धा माहीत नाही.

बाईंनी गुडघ्यावरचा हात काढून घेतला. मला वाटलं, आता हाकलतील. त्या खिडकीपाशी गेल्या आणि कूलरचा आवाज फार होतो म्हणून तो बंद केला.

“आम्ही मूळचे खाप्याचे,” त्या म्हणाल्या. “बाप इथं गिरणीत लागला. छप्पन साली तो मले बोट धरून दीक्षेले घेऊन गेला. मी लहान. केवढी माणसं! साऱ्यांचे कपडे पांढरे. उभ्यानं माह्ये पाय दुखाले लागले. मी खाली बसाले गेली, तर बापानं दंड धरून वर ओढली. म्हणे, ‘आज बसू नोको. आतापर्यंत आपण वाकूनच होतो. आज उभी राय.’” त्या थांबल्या. “दुखत होतं. रडलीबी मी. पण उभी राहिली.”

त्या पुन्हा टेबलापाशी आल्या. “तुले बसायचं असन तर बस. मी काही म्हणत नाई. पण इथं खुर्ची नाई. घरी जाऊन बस.”

मी बराच वेळ रडले. बाईंनी समजूत घातली नाही; त्या डाव्या खुब्याला शिडीवर चढवत होत्या. मग मी डोळे पुसले आणि स्वतःच पुन्हा आडवी झाले. बाईंनी टाचेखाली वीट ठेवली. आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ उपदेश केले, त्यातला एकही आठवत नाही. त्या विटेचा टणकपणा आठवतो.

पुढचे दिवस मी बाईंवर रागावून व्यायाम केला, हे खरं सांगते. रागाला मांडीत जोर असतो. घरी आत्या पहारा द्यायची. सकाळी दवाखाना, दुपारी टाच उशीवर, संध्याकाळी दुकानासमोरच्या बोळात चालणं. शेजारचे दुकानदारही ओरडायचे, “टाच, पोट्टी, टाच!” सगळ्या गांधीबागेला माझ्या टाचेची काळजी लागली होती.

कॉलेजात जायच्या आदल्याच आठवड्यात एका सकाळी बाईंनी पावडर थापली, तिकीट सरकवलं. “दाब.” मी दाबलं. त्यांनी ओढलं. आलं नाही. त्यांनी दुसऱ्या हातानं माझी मांडी चाचपली, पावडर पुन्हा टाकली, पुन्हा ओढलं. मग जोरात ओढलं. तिकीट टर्रकन फाटलं. अर्धं त्यांच्या चिमटीत, अर्धं माझ्या गुडघ्याखाली.

बाई त्या अर्ध्या तिकिटाकडे बघत राहिल्या. “फाटलं,” एवढंच म्हणाल्या. आवाज जरा वेगळा लागला, का मला तसं वाटलं, कोण जाणे. मी त्यांना मिठी मारणार होते, तेवढ्यात त्यांनी पाठ फिरवली. “जा आता. पुन्हा येऊ नोको. हां, डावा खुबा, चला.”

कॉलेजच्या डॉक्टरांनी मला भिंतीला टेकून उभं केलं, चालवलं, हळू पळवलं आणि कागदावर सही केली. कामठीच्या माणसाला कोणीतरी न लंगडणारी मिळाली असेल. घरी पेढे वाटले, आणि आत्या एकटीच सिटी बसमध्ये बसून बाईंना संत्र्याची बर्फी द्यायला गेली. परत आली ती वैतागून. “बर्फी घेतली बाईनं, पण तू कोण तेच तिले आठवेना. मी म्हटलं, उजवा गुडघा. तर म्हणते, कोणता उजवा?”

सगळे हसले. मीही हसले, पण आतून मला लागलं. तो संत्रीवाला गृहस्थ का हिरमुसला होता ते मला तेव्हा कळलं.

नंतर मी नागपुरातच एका शाळेत खेळाची शिक्षिका झाले. मुलींना खो-खो शिकवते, आणि अर्थातच दिवसभर “टाच!” म्हणून ओरडते. बाईंकडे जायचं मनात अनेकदा आलं. पण जाऊन काय करणार? त्या चालून दाखवायला सांगणार आणि ‘नाई ओळखत’ म्हणणार. ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

पंचवीसेक वर्षांनी बर्डीवर बस स्टॉपपाशी त्या दिसल्या. केस पांढरे झालेले, कोट नाही, म्हणजे निवृत्त झाल्या असाव्यात. स्टॉपवरच्या बाकड्यावर जागा होती, तरी बाई उभ्या. नजर खाली, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या टाचांवर. मी त्यांच्या अगदी समोरून गेले. त्यांची नजर माझ्या पायांवरून गेली आणि मागच्या माणसाच्या पायांवर जाऊन थांबली. माझे पाय त्यांच्या दृष्टीनं बघण्यासारखे राहिले नव्हते. यापेक्षा मोठं प्रमाणपत्र त्या कोणाला देत नसत, हे मला माहीत होतं. तरी मला राहवेना. या बाईंनी मला उभं केलं, आणि मी त्यांच्यासमोरून कोणा परक्यासारखी चालले होते.

मग मी एक वेडेपणा केला. चार पावलं पुढे जाऊन वळले आणि पुन्हा त्यांच्याकडे चालत आले, लंगडत. टाच न टेकता, गुडघा वाकडा ठेवून, अगदी त्या जानेवारीत चालायचे तशी.

बाईंची नजर झटकन माझ्या पायांवर आली. एक पाऊल, दुसरं, तिसरं. कपाळाला आठी पडली. मग ती नजर गुडघ्यापर्यंत आली, कमरेपर्यंत आली आणि तिथे न थांबता वर आली. एवढ्या महिन्यांच्या ओळखीत पहिल्यांदाच बाईंनी माझ्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

“उजवा गुडघा ना वं तू?” त्या म्हणाल्या. “मंग डाव्यानं काहून लंगडून राहिली?”